इंदोऱ्याचा गंज आणि मुंबईची शेवंड

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. गंज म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या मुलांना समजावून सांगावं लागतं, नागपुरात नाही. तोंड रुंद, पोट खोल आणि काठ बाहेर वळलेला, असं शिजवायचं भांडं म्हणजे गंज. माझं बूड काळं पडलं आहे आणि डाव्या कुशीला एक पोचा आहे. तो नळावरच्या भांडणातला आहे. त्यात माझी काही चूक नव्हती, पण मार मलाच बसला.

माझा जन्म भंडाऱ्याच्या एका कारागिराच्या घरी झाला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी हातोडीचे घाव सोसले आणि मला गंजपण आलं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. देवाला रोज कुणी चुलीवर चढवत नाही, पण देवाच्या पोटातून गरम भातही निघत नाही.

नागपूरच्या बाजारातून मला अंजनाबाईने घेतलं. तिचा नवरा नत्थू कापडाच्या गिरणीत कामाला होता आणि घर नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत होतं. धम्मदीक्षेच्या वर्षी गावोगावचे लोक पांढरे कपडे घालून नागपुरात आले, तेव्हा तिच्या माहेरची माणसं आमच्याकडेच उतरली होती. एक भात उतरला की दुसरा चढे. मी तेव्हा नवा होतो, आणि त्या दिवसांत मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

अंजनाबाईचा हात वाफेवर बसलेला होता. माझ्या तळाशी ती थोडं पाणी घाली, त्यावर तुरीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे तुराट्या, आडव्या-उभ्या रचून पळसाची पानं पसरी, आणि त्यावर अळूच्या वड्या किंवा मेथीचे मुटकुळे मांडी. झाकणावर वरवंटा ठेवला की वाफेची काय बिशाद बाहेर पडायची. शेजारणी मुद्दाम चव घ्यायला येत आणि मी पोटातल्या पोटात फुगत असे.

माणसं मी जेवणावरून ओळखतो. कोण दुसऱ्यांदा मागतो, कोण लाजतो, कोण मुलांच्या ताटातलं उचलतो, सगळं मला कळतं. काही माणसं मात्र दारापर्यंत येत, ओट्यावर बसत, छान गप्पा मारत, आणि जेवायची वेळ झाली की नेमका त्यांचा उपवास निघे. चहालाही ते नको म्हणत. अंजनाबाई अशांना आग्रह करत नसे. ती मुकाट्याने मला झाकण घाली. तिच्या हाताला तेव्हा जोर जास्त असे, हे मला झाकणाच्या आवाजावरून समजे. मला राग येई, पण भांड्याच्या रागाला विचारतो कोण?

अंजनाबाईचा मुलगा शालिकराम वायरमनचं काम शिकून मुंबईला गेला. गोदीजवळच्या एका कारखान्यात मासळी गोठवून परदेशी पाठवत. तिथल्या बर्फाच्या यंत्रांवर तो लागला. त्याच कारखान्यात मालवणकडचे भिकाजी मुकादम होते. शालिकरामचं काम त्यांना फार पसंत होतं. पण त्यांच्या मुलीने, सुमतीने, आणि शालिकरामने लग्न करायचं ठरवलं, आणि मुलगा कोणत्या समाजाचा हे भिकाजींच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून ते त्याच्याशी बोलले नाहीत. शालिकरामला खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी लागली आणि लग्न नागपुरात, विहारात झालं. मुलीकडचं कुणी आलं नाही. सुमती पाणीदार डोळ्यांची, कमी बोलणारी पोर. ती रोज मला राखेने घाशी आणि घासता घासता कधीकधी रडे.

मग सुमतीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. १९७४ च्या हिवाळ्यात एका सकाळी भिकाजी मुंबईच्या गाडीने उतरले आणि पत्ता विचारत दारात येऊन उभे राहिले. लेकीला न्यायला आले होते. हातात पत्र्याचा डबा, डब्यात लाकडाचा भुसा, भुशात बर्फ आणि बर्फात शेवंडीच्या, म्हणजे समुद्रातल्या थोरल्या कोळंबीच्या, शेपट्या. त्यांचा कारखाना शेवंडीचं डोकं टाकून शेपटीच परदेशी पाठवी. लेकीला तिचे डोहाळे लागले असतील, हे तिच्या आईने मुंबईत बसून ओळखलं होतं.

व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. नत्थूने लगबगीने बाज टाकली.

"बसा इवाईबुवा. थकून आले तुम्ही. चहा घ्या, मग जेवाले बसू."

"माका भूक नाय. गाडयेत खाल्लंय," भिकाजी म्हणाले. चहाही त्यांनी सोडला होता म्हणे.

अंजनाबाईने माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना समजायचं ते समजलं. पण या वेळी ती झाकण घालायच्या आत सुमती पुढे झाली. तिने वडिलांच्या पायाला हात लावला आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "बाबा, आधी हय जेवा. मगे मी येतंय. नायतर माझा बाळंतपण हयच होतला."

 भिकाजी बाजेवर स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांचे हात पाहून तो येईना. लेकीला जवळ घ्यावं की नाही, हे त्या हातांना ठरवता येत नव्हतं. लेक इथेच राहिली तर तिच्या आईला जाऊन काय सांगायचं, हे ओझं त्यांच्या डोक्यावर होतं. आणि ते जेवल्याशिवाय गेले, तर सुमतीचं माहेर त्या दिवसापासून तुटणार होतं.

अंजनाबाईने डबा उघडला. तिने आजवर कन्हानच्या नदीतले झिंगेच पाहिले होते. काळपट हिरवी, कवचाची, वीतभर शेपटी पाहून ती मागे सरकली.

"हा तं झिंग्याचा आजा दिसते," ती म्हणाली.

पाहुण्याचा मान ठेवायचा म्हणजे रस्सा, आणि रस्सा म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारा, हे तिचं पक्कं मत. ती पाट्यावर खसखस, सुकं खोबरं, दगडफूल आणि मूठभर मिरच्या वाटायला बसलीसुद्धा. सुमतीने तिचा हात धरला. "आई, याला मसाला नाही लागत. फक्त वाफ."

"उकडलेलं तं बिमाराले देतेत वं. इवायाले उकडलेलं वाढू? लोकं काय म्हणतीन?"

"बाबांना असंच आवडतं," सुमती म्हणाली.

अंजनाबाईने वाटलेला मसाला बाजूला सारला. तिच्या जिवावर आलं होतं, पण सुनेचा शब्द तिने मोडला नाही. शेपट्या गार पाण्यात सैल होऊ दिल्या. सुमतीने त्यांच्या पोटाकडचं पातळ कवच कात्रीने उभं चिरलं, आणि शिजताना शेपटी वळू नये म्हणून प्रत्येकीत एक तुराटी लांबट खोचली. वरून मीठ आणि लिंबू. अंजनाबाईने माझ्या तळाशी पाणी घातलं, तुराट्या रचल्या, पळसाची पानं पसरली. कल्हई आठवड्यापूर्वीच झाली होती, त्यामुळे मी आतून चांदीसारखा लख्ख होतो. शेपट्या ओळीने माझ्यात निजवल्या, वर झाकण, झाकणावर वरवंटा. सुमतीला घेरी आल्यासारखं झालं, म्हणून सासूने तिला आतल्या खोलीत निजायला पाठवलं.

खाली कोळशाची शेगडी फुलली होती. पाणी उकळलं, वाफ चढली आणि माझ्या पोटात एक वास भरला. समुद्र मी कधी पाहिलेला नाही. पण तो वास आला आणि सुमती मला घासताना कशासाठी रडत होती ते मला थोडं कळलं.

थोड्या वेळाने अंजनाबाईने झाकण उचललं आणि ती जागच्या जागी थिजली. मघाच्या काळपट हिरव्या शेपट्या लालभडक झाल्या होत्या.

"अवं माय, तिखटाचा कण टाकला नाही अन् हे लाल काहून झालं?"

बाहेरून, मान न वळवता, भिकाजींचा आवाज आला, "शिजली ती. उतरवा आता."

"इतक्यात कशी शिजन? मटनाले घंटा लागते," अंजनाबाई आतून म्हणाली. तिने झाकण परत घातलं, वरवंटा ठेवला आणि शेगडीला वारा घालायला सुरुवात केली.

"उतरवा म्हणतंय. रबर होतला त्याचा."

"पोटुशी पोरगी आहे घरात. तिले कच्चं खाऊ घालू? काही झालं तं कोण पाहीन?"

"माझी पोर आसा ती."

"तुमची आहे, तं माही नाही काय?"

नत्थू दोघांमध्ये बसला होता. एकदा इकडे बघे, एकदा तिकडे, आणि मिशी चावी. पंख्याचा वारा वाढला, वास बदलायला लागला. आयुष्यभर ज्याने शेवंडीला हात लावला, त्या माणसाला तो बदल बसल्या जागी कळला. भिकाजी बाजेवर चुळबुळले. ते उठले. चार ढांगांत उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आले, वरवंटा बाजूला सारला आणि फडकं वगैरे न शोधता दोन्ही हातांनी माझा काठ धरून मला शेगडीवरून खाली उतरवलं.

ते हात बर्फाला सरावलेले होते, मित्रांनो, तापल्या पितळेला नाही. भिकाजी कळवळले. पण त्यांनी मला टाकलं नाही, नीट जमिनीवर ठेवलं आणि मगच हात सोडला. त्यासाठी मी त्यांचा आजही मान ठेवतो.

अंजनाबाईने मागचापुढचा विचार केला नाही. तिने त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि पिण्याच्या पाण्याच्या रांजणात हात कोपरापर्यंत बुडवले. "राहू द्या असेच. काढू नका," ती पोराला दटावावं तशी म्हणाली. सगळं घर पिई ते पाणी. भिकाजींनी हात काढले नाहीत. आग थांबल्यावर ते माझ्याजवळ उकिडवे बसले, झाकण सारलं, सवयीने एक शेपटी उचलली, तुराटी ओढून काढली आणि पांढऱ्याशुभ्र मांसाचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला. रोज कारखान्यात टाकत असतील तसाच. डोळे मिटून त्यांनी तो चावला.

"बरोबर," ते म्हणाले. "आणखी जरा रवली आसती तर गेली होती."

आणि मग त्यांना कळलं आपण कुठे बसलो आहोत आणि काय खाल्लं. उरलेली शेपटी त्यांच्या हातातच राहिली.  दारात सुमती भिंतीला धरून उभी होती, कधी आली कुणास ठाऊक. माझ्या पोटात अजून वाफ होती, पण ती सोडायलाही मला भीती वाटत होती.

भिकाजींनी घास गिळला. लेकीकडे पाहिलं. मग मांडी घातली आणि अंजनाबाईला म्हणाले, "वाढा."

माझ्या जिवात जीव आला. सुमती रडली, पण ते रडणं निराळं होतं. तिने पानं मांडली, भात वाढला, लिंबाच्या फोडी ठेवल्या. नत्थूने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "तिखट नाही, मसाला नाही, तरी गोड लागून राहिलं गा." शालिकराम पाळीवरून आला तो सायकल हातात धरूनच दारात उभा राहिला. सासरे त्याच्याकडे न पाहता थोडे सरकले आणि शेजारी जागा करून दिली. भिकाजींनी शेवंड दुसऱ्यांदा मागितली. मी ती पोटभर दिली.

दुसऱ्या दिवशी माहेरी जायचं म्हणून अंजनाबाईने माझ्यात मेथीचे मुटकुळे वाफवले. सुमतीच्या वाटचे ती फडक्यात बांधत होती. भिकाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आले. बोलायला त्यांना जड जात होतं.

"तिच्या आयेकपण चार घाला," ते म्हणाले. "ती घराकडे वाट बघता."

अंजनाबाईने चार घातले नाहीत. तिने माझं बूड दिसेपर्यंत बांधून दिले.

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. घरात कुकर आला, स्टीलची भांडी आली, मी फळीवर चढलो आणि माझ्यावर जाळी धरली. मध्ये मला मोडीत द्यायचं घाटत होतं. सुमतीच्या मुलीने, उत्तराने, मला खाली काढलं आणि कल्हईवाल्याकडे नेलं. भाता चालला, नवसागराचा धूर झाला आणि मी पुन्हा आतून उजळलो. आता सणावारी माझ्यात मुटकुळे होतात.

मित्रांनो, पितळेच्या भांड्याला वेळच्या वेळी कल्हई करा, नाहीतर त्यातलं अन्न कळकतं. आम्हाला चिंच-राखेने घासा, आपटू नका, आणि शोभेसाठी दिवाणखान्यात तर मुळीच ठेवू नका. आमच्यात शिजवा. आणि वाढायला घेतलंत की दाराशी पाठ करून बसलेल्या माणसाला एकदा हाक मारा. तो येणार नाही असं वाटलं, तरी मारा.