रोज चार बोटं

शिंपिणीच्या दुकानात आरसा होता, पण गिऱ्हाइकांपुरता. गिऱ्हाइकं गेली की त्यावर चादर पडायची. चाळिशी उलटली तरी आरशात स्वतःचं तोंड बघायचं म्हटलं की शिंपिणीचे हातपाय गार पडत. "माझी लेक लहानपणापासून आरशाला घाबरते," असं तिची आई येईल-जाईल त्याला सांगायची. मागच्या राहत्या खोल्यांत आईने आरसा म्हणून ठेवला नव्हता. लेकीशी बोलतानाही म्हातारीची नजर शिवणावर असायची.

डॉक्टर म्हणाले, "एकदम नको, थोडं थोडं बघा." थोडं म्हणजे किती, हे शिंपिणीला कोणी शिकवावं? तिने चादर खालून रोज चार बोटं वर दुमडून टाचली. आधी पाय दिसले, मग गुडघे, कंबर, गळा. हनुवटीपाशी पंधरा दिवस गाडं अडलं.

आज तिने चादर काढूनच टाकली. आरशातून फोटोतले वडील तिच्याकडे बघत होते. तेच जाड ओठ, तशाच जुळलेल्या भुवया. ती चार वर्षांची असताना ते गेले, तिला त्यांचं काहीच आठवत नव्हतं. ती आरशासमोरून हलली नाही. एवढंच होतं तर.

"आई, ये, बघ," तिने हौसेने हाक मारली.

आई मागे येऊन उभी राहिली. स्वतःच्या कपाळावरचे केस सारायला लेकीने हात उचलला, तशी म्हातारी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली.

लेकीचा हात तसाच वर राहिला. चाळीस वर्षं ती ही भीती अंगावर वागवत होती, आणि माप आईचं होतं.