ऐकू आलं होतं

दादांनी निवृत्त झाल्यावर सगळ्या भावंडांना डोंगरापलीकडच्या तलावावर घेऊन जायचं ठरवलं आणि त्यासाठी प्रत्येक गाडीला एक असे वॉकीटॉकी विकत आणले. गाड्या पाच होत्या. पहिल्या गाडीत दादा आणि वहिनी. त्यांच्यामागे मुलगा-सून, मग चुलतभावाचं कुटुंब, चौथी गाडी ताईंची आणि सगळ्यात शेवटी धाकटी.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून, दादांच्या धाकट्या भावाची बायको. हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करायची, त्यामुळे बोलणं कमी आणि लक्ष जास्त. नवऱ्याची कंबर धरली होती म्हणून स्टिअरिंग तिच्याकडे होतं, आणि नवरा शेजारी वॉकीटॉकी मांडीवर घेऊन आरामात बसला होता.

निघताना दादांनी सगळ्यांना फाटकापाशी उभं करून नियम समजावले. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. एकानं बटण दाबून धरलं तर दुसऱ्याचा आवाज पोचत नाही, म्हणून कामापुरतंच बोला. घाटात फोन चालत नाहीत, तिथे हाच आधार. धाकटीला हे सगळं पटलं. एरवी दादांचं फारसं काही तिला पटत नसे.

पण शहर मागे पडलं आणि दादांनी जे बटण दाबलं ते दाबलंच. ऑफिसातले किस्से झाले, जुन्या साहेबांच्या नकला झाल्या, मग कोडी सुरू झाली आणि कोण उत्तर देतंय याची वाटही न बघता दादाच ती सोडवू लागले. नवरा खुशीत होता. लहानपणापासून दादांच्या विनोदाला पहिला हसणारा तोच.

ताई या दोघा भावांच्या मधल्या. त्यांच्या नवऱ्याची नजर अधू झाल्यावर, पन्नाशी जवळ आलेली असताना त्या गाडी शिकल्या होत्या. नवरा घरी थांबला होता, मागच्या सीटवर शाळकरी मुलगी होती. एवढ्या लांब त्या पहिल्यांदाच निघाल्या होत्या. सुरुवातीला त्यांनी एकदा जरा हळू घेता का म्हणून विचारलं, तर दादांनी गाडीला दोर बांधून ओढू का असं विचारून सगळ्यांना हसवलं.

घाट लागला तेव्हा धाकटी एका अवजड ट्रकमागे अडकली आणि ताईंची गाडी वळणाआड गेली. तेवढ्यात वॉकीटॉकीतून ताईंचा आवाज आला. गाडीत काहीतरी जळल्यासारखा वास येतोय, असं त्या म्हणत होत्या.

"तुझी भाजी असेल डब्यात," दादा म्हणाले. "तुझ्या हातची करपल्याशिवाय राहते कधी?"

पलीकडून दोन-तीन गाड्यांतलं हसू खरखरत आलं. नवऱ्यानंही बटण दाबलं. "ताई, डब्याला झाकण लाव."

धाकटीनं त्याला सांगितलं, कसला वास ते नीट विचार. तो म्हणाला, अगं गंमत चाललीय, तू रस्त्याकडे बघ. थोड्या वेळानं ताई पुन्हा बोलल्या. वास वाढतोय, थांबू का? त्यावर कुणी हो म्हणालं नाही की नाही म्हणालं नाही. दादांचा नवा किस्सा सुरू झाला होता. त्यानंतर ताईंचा आवाज आला नाही.

ट्रकनं बाजू दिली तेव्हा पुढे फाटा होता. दादा आणि बाकीचे सरळ वर गेले होते. ताईंची गाडी मात्र डावीकडच्या अरुंद रस्त्यावर वळताना दिसली. धाकटीनं नवऱ्याच्या हातातून वॉकीटॉकी ओढून घेतला.

"दादा, ताई फाट्यावर डावीकडे वळल्यात. सगळ्यांनी थांबा."

उत्तर नाही. तिनं तेच पुन्हा, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. क्षणभर खरखर झाली आणि दादांचा आवाज आला, "तर काय सांगत होतो मी..." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं वॉकीटॉकी नवऱ्याच्या मांडीवर टाकला आणि गाडी डावीकडे घातली.

रस्त्यालगत लाकडाची वखार होती. तिच्या आवारात ताईंची गाडी उभी होती आणि मागच्या चाकातून धूर येत होता. मुलगी लांब, ओंडक्यांच्या ढिगापाशी उभी होती. ताई पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघालेल्या. वखारीतल्या माणसानं त्यांना अडवलं. तापलेल्या चाकावर एकदम पाणी ओतू नका, आपोआप निवू द्या, असं तो सांगत होता. धाकटीच्या नवऱ्यानं दारातून आत डोकावून पाहिलं. हँडब्रेक अर्धवट ओढलेला होता. घरापासून इथवर गाडी तशीच आली होती.

"अगं ताई, हँडब्रेक..." तो हसत बोलायला गेला आणि ताईंचा चेहरा पाहून थांबला.

"मला कळलं नाही," ताई म्हणाल्या. "म्हणून तर विचारत होते. तुम्ही सगळे इतकी वर्षं गाड्या चालवताय. ताई, हँडब्रेक बघ, एवढं एकानं म्हणायचं होतं. तू काय म्हणालास? झाकण लाव." मग त्या धाकटीकडे वळल्या. "आणि तू? तू तर सगळं ऐकत होतीस."

मी याला विचारायला सांगितलं होतं, असं धाकटीच्या ओठांवर आलं. पण वॉकीटॉकी तिच्याही हाताच्या अंतरावर होता. ट्रकच्या बाजूनं कधी निघता येतं हे बघण्यात तिनं तो प्रश्न नवऱ्यावर सोडून दिला होता. तिला स्वतःचा राग आला, आणि त्यानं दादांवरचा राग तसूभरही कमी झाला नाही.

चाक निवेपर्यंत ते तिथेच बसले. मग वखारवाल्यानं चाक फिरवून पाहिलं, सावकाश जा म्हणाला. तलावावर पोचेपर्यंत बाकीच्यांची जेवणं उरकत आली होती. दादा व्हरांड्यातल्या लांब टेबलाच्या टोकाशी बसले होते.

"आल्या का रमतगमत!" ते म्हणाले.

धाकटी वाटभर मनात वाक्यं जुळवत आली होती. तरी तिनं आधी त्यांना सुटायला जागा दिली. मी दोनदा सांगितलं होतं की ताई वळल्या, ती म्हणाली, तुम्ही बोलत होतात म्हणून पोचलं नसेल.

"नाही बुवा, काहीच आलं नाही," दादा म्हणाले. "घाटात व्हायचंच असं."

वहिनी पेल्यांत पाणी ओतत होत्या. त्यांनी जग खाली ठेवला.

"ऐकू आलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा. मी थांबा म्हटलं. तर म्हणाले, नाटकं आहेत तिची, येईल मागून."

दादांच्या मुलानं मान खाली घातली. चुलतभाऊ हळूच म्हणाला की आलं आम्हालाही होतं, पण दादा पुढे होते, ते थांबले नाहीत, म्हणून आम्हीही.

म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं. धाकटीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"ताईंच्या चाकातून धूर निघत होता," ती म्हणाली. "मागे पोर बसली होती. आणि तुम्ही सगळं ऐकून पुढचा किस्सा सांगितलात. तुम्हाला आमचं काही ऐकायचंच नव्हतं, दादा. फक्त हसायला माणसं हवी होती."

"अरे, झालं काय एवढं?" दादांचा चेहरा लाल झाला होता. "काय झालं होतं गाडीला?"

"हँडब्रेक राहिला होता," नवरा पुटपुटला.

"बघा! तो काय मी ओढला होता?"

"नाही, मीच ओढला होता," ताई म्हणाल्या. "आणि तुला विचारलं, ही त्याहून मोठी चूक." त्यांनी मुलीला हाताला धरलं आणि त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जेवायला बसल्या.

त्या संध्याकाळी दादा खोलीतून बाहेर आले नाहीत. नवऱ्यानं धाकटीला समजावून पाहिलं. दादांचा स्वभावच तसा, मनात काही नसतं, तू फार ताणतेस. धाकटीनं त्याला विचारलं की तू हसलास तेव्हा तुझ्या मनात काय होतं. तो कूस बदलून झोपला.

सकाळी निघताना वहिनींनी आपली बॅग आणली आणि ताईंच्या गाडीचं दार उघडून त्या पुढच्या सीटवर बसल्या. दादा बघत राहिले. मग एकटेच गाडीत बसून निघाले. घाट उतरताना ताईंच्या गाडीतून वहिनींचा आवाज येई, वळण आहे, हळू घेतोय, आणि धाकटी स्वतः बटण दाबून उत्तर देई. घाट संपता संपता एकदा दादांचा आवाज आला. "मागे सगळं ठीक?" धाकटीनं वॉकीटॉकी हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. तिला उत्तर द्यायचं नव्हतं. शेवटी ताईच बोलल्या. "ठीक आहे. तू जा पुढे."

पुढच्या महिन्यात एका नातेवाइकाकडून धाकटीच्या कानावर आलं की डॉक्टरीणबाईंनी आमच्या सहलीचा विचका केला, असं दादा सगळ्यांना सांगत फिरतायत. तिनं ताईंना फोन लावला. ताई गाडीत होत्या, नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चालल्या होत्या. गाडी बाजूला घेऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सांगू दे," त्या म्हणाल्या. "मी पण सांगतेय सगळ्यांना."