तापलेल्या ॲम्प्लिफायरचा जबाब

मी ॲम्प्लिफायर. गाडीत गाणं लावलं की तुम्ही गायकाचं कौतुक करता, स्पीकरचं करता, फार तर गाडीवाल्याचं करता. माझं नाव कोणाच्या तोंडी येत नाही, कारण मी दिसतच नाही. डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला लागून जो काळा, दातेरी डबा उभा असतो, तो मी. सध्या मात्र मी एका सीट कव्हरच्या दुकानात, फळीवर, पोट उघडं टाकून पडलो आहे. माझं मला फार वाईट वाटत नाही. यंत्र म्हटलं की कधीतरी बंद पडायचंच. पण माझ्या निमित्तानं एका मुलीचं जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. टेपकडून माझ्याकडे येणारा आवाज मुंगीएवढा असतो. बॅटरीची वीज घ्यायची, त्या मुंगीचा हत्ती करायचा आणि तो स्पीकरच्या हवाली करायचा. या खटाटोपात बरीचशी वीज उष्णता होऊन माझ्याच अंगात राहते. तापलो म्हणजे बिघडलो असं समजू नका. राबतोय म्हणून तापतो. पाठीवरचे ॲल्युमिनियमचे दाते काही शोभेसाठी दिलेले नाहीत. त्यांच्यातून ती उष्णता हवेत सोडायची असते. आता हवाच नसेल, तर सोडू कुठे?

कारखान्यात एका बाईंनी मला तीन तास पूर्ण आवाजात चालवून पाहिलं. शेवटी दात्यांवर हात ठेवला, चटका बसला तशी बोटांवर फुंकर मारली आणि माझ्यावर 'पास'चा शिक्का उठवला. खोक्यात माझ्यासोबत एक कागद घातला होता: उभा लावा, उघडा ठेवा, चारी बाजूंना चार बोटं जागा सोडा. असले कागद माणसं खोक्यासकट फेकून देतात आणि पुढे यंत्राच्या नावानं बोटं मोडतात. मला जिनं विकत आणलं, त्या मुलीनं मात्र तो कागद दोनदा वाचला. पेन्सिलीनं खुणासुद्धा केल्या.

तिला सगळे मीटर म्हणायचे. वीज मोजायचा मीटर कायम तिच्या हातात, म्हणून ते नाव पडलं. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकली होती. बोलायला फटकळ, कामाला चोख.

तिचे वडील पंचवीस वर्षं गाड्यांची सीट कव्हरं शिवत होते. त्यांची टीप इतकी सरळ, की पट्टीनं आखल्यासारखी. पण उघडी वस्तू त्यांना बघवायची नाही. स्टिअरिंगला कव्हर, गिअरच्या मुठीला कव्हर, हँडब्रेकला कव्हर. दुकानामागच्या घरात फ्रिजच्या हँडलला, मिक्सरला, टीव्हीच्या रिमोटला. "एक दिवस हे मलाही कव्हर शिवतील," मुलीची आई म्हणायची, "आणि चेन पाठीमागे लावतील, म्हणजे मला उघडता यायला नको."

दुकानाचा पुढचा अर्धा भाग रिकामा होता. तिथं गाड्यांचं म्युझिक बसवून देण्याचं काम सुरू करायचं, हे मीटरचं स्वप्न. वडिलांचं उत्तर ठरलेलं: "आधी आपल्या गाडीत बसवून दाखव. उन्हाळाभर विनातक्रार चाललं, तर पुढची बाजू तुझी."

"आणि नाही चाललं तर?"

"तर मामा म्हणतो तिथं जायचं. विम्याच्या ऑफिसात. एसीत बसून काम आहे, आणखी काय पाहिजे?"

"मला एसी नकोय बाबा, दुकान पाहिजे."

"मग चालवून दाखव!"

म्हणजे बघा, माझ्या जिवावर तिचं सगळं आयुष्य टांगलेलं. चार माणसांनी बसून ठरवायची गोष्ट एका डब्याच्या गळ्यात बांधायची, ही मोठ्या माणसांची जुनीच खोड.

तिनं मला बसवलं ते पाहायला हवं होतं. जाड प्लायवर मला उभं केलं, दात्यांच्या फटी वर-खाली मोकळ्या राहतील असं, म्हणजे गरम हवा आपोआप वर निघून जावी. मागे रबराचे चार जाड वॉशर घातले, म्हणून पाठीमागूनही वारा खेळायला लागला. वायर जाड घेतली, कारण बारीक वायरीत माझी दमछाक होते. अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग कानशीनं खरवडून काढला. आवाजाचा स्क्रू मीटर लावून, हवा तेवढाच फिरवला. मग वडिलांना बोलावलं.

"बाबा, याच्यावर काही ठेवायचं नाही. पिशवी नाही, चादर नाही, वर्तमानपत्र नाही. हा श्वास घेतो असं समजा."

"मला शिकवतेस? तुझ्या जन्माच्या आधीपासून गाड्यांत हात आहे माझा."

"सीटमध्ये आहे. विजेत नाही."

"जीभ बघा हिची!" वडील म्हणाले, पण हसलेही.

रोज संध्याकाळी ती माझ्या पाठीवर तळवा ठेवायची, थर्मामीटर लावायची आणि वहीत आकडा लिहायची. पंचावन्न. अठ्ठावन्न. एकदा एकसष्ट भरले, तर त्याच दिवशी तिनं डिकीतला गालिचा कापून वाऱ्याला वाट करून दिली. ऐंशी झाले की मी स्वतःच बंद होतो. तशी सोय आहे माझ्यात. लाल दिवा लावायचा, गप्प राहायचं, निवलो की पुन्हा सुरू. त्या उन्हाळ्यात तो दिवा एकदाही लागला नव्हता. गिऱ्हाइकं गाडीत बसून गाणी ऐकायची. शाळेतल्या एका बाईंनी तर सांगूनच टाकलं, "सुट्टी संपायच्या आत माझ्या गाडीत अस्संच करून दे."

वडील मीटरच्या तोंडावर "ठीक आहे" एवढंच म्हणत. ती आत गेली की गिऱ्हाइकाला डिकी उघडून दाखवत. "पोरीनं केलंय. एकटीनं." माझ्यासारख्या पत्र्याच्या डब्यालाही ते ऐकून भरून यायचं. तिला ऐकवलं असतं तर?

असंच एक गिऱ्हाईक म्हणालं, "काम झकास आहे. पण डबा असा उघडानागडा... तुमच्यासारख्या कारागिराच्या गाडीत बरं नाही दिसत."

झालं! ते वाक्य वडिलांच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. मीटर वायरी आणायला बाजारात गेली होती, तेवढ्यात त्यांनी माझी मापं घेतली. नव्या गठ्ठ्यातलं मरून रेक्झिन, आतून फोम, दुहेरी टीप, बाजूला चेन. पंचवीस वर्षांत एवढं सुबक काम त्यांनी केलं नसेल. मला ते अंगाबरोबर बसलं, अगदी मापात. मीटरला अचानक दाखवायचं, असा त्यांचा बेत. दुसऱ्या दिवशी रेक्झिन आणायला चार तासांवरच्या बाजारात जायचं होतं. "येऊन दाखवू," स्वतःशीच पुटपुटत त्यांनी डिकी लावली.

पहाटे जाताना गाणं लावलंच नव्हतं. दुपारी दीडला आम्ही परतीला लागलो. रस्ता भाजत होता. गाडीत ते एकटेच, म्हणून आवाज मोठा केला आणि गाण्याबरोबर स्वतःही गायला लागले. सूर कुठल्या कुठे, पण आनंद खरा होता. इकडे मी फोमच्या आत उकडून निघत होतो. सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशी. लाल दिवा.

त्यांनी टेपवर दोन चापट्या मारल्या, थोडं थांबले. थोड्या वेळानं मी कसाबसा सुरू झालो, पुन्हा बंद पडलो. तिसऱ्या खेपेला त्यांनी गाडी कडेला घेतली. डिकी उघडली तर जळक्या फोमचा वास. चेन ओढताना बोटं भाजली. कव्हर निघालं आणि मला वारा लागला. सांगतो, तेवढ्यावर थांबले असते तर अर्ध्या तासात मी ठणठणीत झालो असतो. मला फक्त वारा हवा होता.

पण ते घाबरले. खिशातला रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्यात चिंब भिजवला आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा माझ्यावर ठेवला. वर पाण्याची धारही धरली. "शांत हो रे, शांत हो," म्हणाले. बाजूच्या फटीतून पाणी आत उतरलं. चर्र झालं. मग काहीच नाही.

नंतर त्यांनी मला कोरडं पुसलं आणि कव्हराची घडी करून रेक्झिनच्या गुंडाळ्यांत खोल खुपसली.

दुकानात मामा बसलेलेच होते. मीटर बाहेर गेली होती. वडिलांचा चेहरा बघून मामा म्हणाले, "बंद पडलं ना? दाजी, म्हटलं नव्हतं मी? कॉलेजात शिकून कोणी मेकॅनिक होत नाही. साहेबाला आत्ता फोन करतो, सोमवारपासून येतेय म्हणून. करू ना?"

मी डिकीत होतो. डिकी उघडी होती. त्या क्षणी मी सगळी ताकद लावून ओरडायला पाहिजे होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचा आवाज मोठा केला, स्वतःचा कुठून आणू?

"कर," वडील म्हणाले.

मीटर आली. तिला सांगितलं गेलं. तिनं ओरडाआरडा केला नाही, आधी माझ्याकडे धावली. "बाबा, तुम्ही याला काही केलंत?"

"मी कशाला हात लावू? मला कुठे कळतं त्यातलं?"

पंचवीस वर्षं सगळं कळत असलेल्या माणसाला नेमकं त्या दिवशी काही कळेनासं झालं.

तिनं फ्यूज तपासला, वायरी तपासल्या, अर्थिंग पुन्हा खरवडलं. सगळं जागच्या जागी. पोट उघडावं तर सील तुटणार आणि गॅरंटी जाणार. तीन दिवस ती वही घेऊन बसली. पंचावन्न, अठ्ठावन्न, एकसष्ट. "माझंच काहीतरी चुकलं असणार," आईला म्हणाली. हे मला त्या रुमालापेक्षा जड गेलं. चूक नसताना ती शोधत बसलेली मुलगी कशी दिसते, ते मी अगदी जवळून पाहिलं.

रविवारी दुपारी तिनं सील तोडलं. आत पाण्याचे डाग होते, जळलेली जागा होती. तिनं चिमट्यानं दात्यांच्या खोल फटीतून मरून रेक्झिन चिकटलेला फोमचा एक वितळलेला तुकडा बाहेर काढला. मला वाटलं, सुटलो! खरं बाहेर आलं, आता सगळं सरळ होणार.

ती वडिलांच्या शिलाई मशीनपाशी गेली. "बाबा, याच्या पोटात पाणी कसं गेलं?"

मशीन थांबलं.

"आणि हे रेक्झिन आपल्या नव्या गठ्ठ्यातलं आहे."

"तुझ्यासाठीच शिवलं होतं गं," वडील खाली बघत म्हणाले. "तुझं काम चारचौघांत देखणं दिसावं म्हणून."

"झाकू नका म्हटलं होतं. कितीदा म्हटलं होतं?"

"तापला होता फार. तू लहान असताना तुला ताप आला की मी अशाच पट्ट्या..."

"तो माणूस नाहीये, बाबा! आणि मी लहान नाहीये."

आई आतून आली होती. "शिवायच्या आधी पोरीला एका शब्दानं विचारलं असतं, तर काय बिघडलं असतं तुमचं?"

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं."

"मग मामाला फोन करा," मीटर म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर. सांगा, ती येत नाही."

त्यांनी फोन उचलला. नंबर काढला. बघत राहिले. मग फोन खाली ठेवला. "आता कसं सांगू? त्यानं साहेबाला शब्द दिलाय. काय म्हणतील, कव्हर शिवलं आणि रुमाल ठेवला म्हणून? वर्षभर कर. मग बघू."

"काय म्हणतील ते म्हणू देत ना!"

"बघू म्हटलं ना मी."

मीटरनं तो फोमचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि ती घरात गेली. भांडली नाही. जी मुलगी कोणाचं एक वाक्य खाली पडू देत नव्हती, ती भांडली नाही, तेव्हा मी घाबरलो. सोमवारी सकाळी ती ऑफिसात गेली.

दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात आता दुसरं शिलाई मशीन आलं आहे. माझे तीन भाग बदलले तर मी पुन्हा वाजू शकतो; तिच्या हाताला एका दुपारचं काम. वडील दर रविवारी म्हणतात, "बघतेस का गं जरा त्याच्याकडे?" ती म्हणते, "दमलेय बाबा." खोटं नाही बोलत. दिवसभर फॉर्म भरून ती खरंच दमते.

काल शाळेतल्या त्या बाई आल्या. "म्युझिक बसवायचं होतं. ती मुलगी कुठंय?"

"ते काम आम्ही करत नाही," वडील म्हणाले. "फक्त सीट कव्हर."

मीटर तेव्हाच ऑफिसातून परतत होती. दारातच होती. तिनं ऐकलं. मला वाटलं थांबेल, मागे वळेल, "करतो आम्ही" म्हणेल. तिनं चपला काढल्या, जागेवर ठेवल्या आणि ती आत गेली.

तुमच्या डिकीत माझा कोणी भाऊबंद असेल, तर आज जाऊन बघा. त्याच्यावर टाकलेली चादर उचला. तापला असेल तर गाणं बंद करा, डिकी उघडा आणि बाजूला व्हा. त्याला पाणी लावू नका, माया लावू नका. आणि ज्या पोरीनं तो बसवला, तिनं काही सांगितलं असेल, तर ते पहिल्यांदा सांगते तेव्हाच ऐका. चुकल्यावर डोळे पुसत ऐकून काही उपयोग होत नाही, मी पाहिलंय.

बस, एवढंच. शेजारचं मशीन सुरू झालं आहे. आता माझं कोणाला ऐकू जायचं नाही.