पुलेंगची आई

पिनेचं टोक जरासं वाकलेलं होतं, त्यामुळे घोंगडीच्या दुपदरी लोकरीतून जाताना ती दरवेळी एका ठिकाणी अडायची — तिथे अंगठ्यानं किंचित दाबलं की जायची... इतकी वर्षं अंगठा आपणहून दाबत आला होता, आज मात्र थांबला. मापुलेंग खिडकीपाशी उभी राहून पिनेकडे बघत राहिली. ती या घरात आली त्या दिवशी सासूबाईंनी हीच पिन तिच्या खांद्याला लावली होती आणि अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "आजपासून ही मापुलेंग." म्हणजे पुलेंगची आई. पुलेंग तेव्हा जन्माला आलेली नव्हती, पण या डोंगरांत रीतच तशी. सून उंबरा ओलांडते ती कुणाची तरी आई होऊनच. मोसेले हे माहेरचं नाव माहेरीच राहतं. आधी नाव ठेवायचं, बाळानं फक्त मागून यायचं.

ते आलंच नाही.

बाहेर गवतावर हिम होतं, आणि लेफा — तिचा नवरा — मेंढरू ओढत गोठ्यामागे नेत होता. जाताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. पलीकडच्या देशातली सोन्याची खाण बंद पडून तो कायमचा घरी आला त्या दिवशीही असाच मान खाली घालून आला होता. म्हणजे त्यालाही कळलंय, तिच्या मनात आलं. धाकट्या दिराची, खोत्सोची, बायको आज रीतीनं घरात घ्यायची होती. मेंढरू कापायचं, तिला घोंगडी पांघरवायची, नाव द्यायचं. आणि कुठलं नाव, ते सकाळी चुलीपाशीच ठरलं होतं.

"आई, ते नाव माझं आहे," ती म्हणाली होती.

"तुझं कुठलं? माझ्या सासूचं आहे ते," सासूबाई पीठ ढवळता ढवळता म्हणाल्या. "अजून किती वाट बघू गं? मी काय दगड आहे, डोंगरावर नुसती बसून राहायला?" मग आवाज उतरला. "तूच तिला तयार कर. दारात नाव तूच सांग. थोरल्या सुनेचा मान आहे तो."

मान! आपल्याच हातानं आपल्याला पुसून टाकायचं, त्याला मान म्हणायचं... पण चिडावं म्हटलं तर धड चिडताही येत नव्हतं, कारण सासूबाई म्हणजे केवळ सासूबाई नव्हत्या, ट्रकमध्ये मांडीवर लहानशी पेटी घेऊन बसलेल्या सासूबाईही होत्या. धरण आलं आणि खालचं खोरं सोडावं लागलं, तेव्हा त्यांच्या सासूची, म्हाताऱ्या पुलेंगची कबर उकरून हाडं वर आणली होती. वळणावळणाच्या रस्त्यानं सासूबाई त्या पेटीशी बोलत होत्या — "आता वळण आहे हं, धरून बसा. थंडी वाजतेय का?" — आणि मापुलेंगनं आपली घोंगडी सोडून पेटीवर घातली होती. घर, जोंधळ्याचं शेत, पीच फळांची झाडं, सगळं पाण्याखाली गेलं. ते पाणी बोगद्यातून सीमेपलीकडच्या शहरांना जातं, इथला नळ मात्र खोकत बसतो. म्हातारीचं आता उरलं होतं काय? एक नाव. ते असं रिकाम्या घागरीसारखं माझ्या डोक्यावर किती दिवस ठेवायचं?

तरीही माझंच आहे ते. माझंच.

आतल्या खोलीत लिनेओ दारामागे चटईवर बसली होती. राजधानीतल्या कारखान्यात जीन्स शिवणारी पोर. बोटांना अजून निळा रंग होता.

"ताई, मेंढरू कापलं का हो?"

"कापतायत."

"लवकर कापा म्हणावं. तोवर या घरचं काही तोंडात घालायचं नाही म्हणे. पोटात कावळे ओरडतायत."

मापुलेंगनं तिला उभं केलं आणि कोरी घोंगडी तिच्या खांद्यांवरून ओढली.

"मला ठाऊक आहे," लिनेओ एकदम म्हणाली. "माझं नाव काय ठेवणार ते. पाणी भरायला गेले तिथे बायका बोलत होत्या. मला नको ते. आणि माझ्यानंही नाही झालं बाळ, तर मग? माझ्याकडून घेऊन कुणाला देणार?"

मापुलेंगचा हात थांबला. ही भीती तिची होती, तिच्या अगदी आतली — आणि ती दुसरीच कुणीतरी बोलत होती.

"असं बोलू नये," ती म्हणाली. आवाज मात्र रागावल्यासारखा निघाला नाही.

"आणि झालीच पुलेंग, तर तुम्हाला काय म्हणेल? मोठी आईच ना? म्हणजे पुलेंगची आई तुम्हीपण. मग तुमचं नाव कशाला काढायचं?"

"एका घरात दोन मापुलेंग? कुणी ऐकलंय का कधी?"

"आमच्या शिलाईच्या रांगेत लिम्फो नावाच्या तिघी होत्या. सुपरवायझर ओरडला की तिघी उठायच्या, नाहीतर एकही नाही. त्याचंच डोकं फिरायचं."

मापुलेंगला हसू आलं. आज हसू येईल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे तिनं ते तोंडावर हात ठेवून दाबलं, तरी ते फुटलंच. मोठी आई... हा शब्द तर जन्मापासून ऐकलेला. आपल्याला कसा कधी सुचला नाही? की वाट बघता बघता ती वाट फक्त आपल्याच पोटातून येते, असं धरून बसले मी?

सासूबाई ऐकतील? कुणास ठाऊक. सगळ्या अंगणासमोर वेड्यात काढतील. म्हातारीची शपथ घालतील.

"मापुलेंग!" अंगणातून त्यांची हाक आली. "आण गं तिला!"

"आले!"

दोन आवाज एकदम गेले. लिनेओनं जीभ चावली. बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. ते कोण, हे भिंतीआडून कळेना. मापुलेंगनं नवी कोरी पिन लिनेओच्या घोंगडीला लावली, मग स्वतःची घोंगडी सारखी केली. दारात उभं राहून नेमकं काय म्हणायचं ते अजून जुळत नव्हतं — पण आपलं नाव गेलं असं म्हणायचं नाही, एवढं पक्कं होतं. वाकडी पिन लोकरीत नेहमीच्या जागी अडली, आणि अंगठा आपणहून दाबला गेला.