शफीकभाईंचं परसदार

‘एंटर’च्या बटणाचा खालचा कोपरा झिजून गुळगुळीत झाला होता—आधी या खुर्चीत बसणारे शफीकभाई ते बटण अंगठ्यानं दाबायचे, तेही कडेकडेनं, जणू दाबल्याचं कुणाला कळू नये—आणि मोनिकाचं बोट पडायचं नेमकं मधोमध, जिथं बटण अजून कोरं होतं. तिनं बोट ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं.

पडद्यावर कारखान्याच्या लिनक्स सर्व्हरच्या फायरवॉलची यादी उघडी होती. फायरवॉल म्हणजे यंत्राभोवतीची भिंत, आणि तिच्यातले पोर्ट, म्हणजे आकडे घातलेली दारं. प्रत्येक दारापुढं ते कशासाठी उघडं आहे त्याची टीप. हजेरीचं यंत्र. वजनकाटा. गेटवरचा कॅमेरा. आणि सगळ्यांत तळाशी ४८२२: ‘तात्पुरतं. शफीक.’ या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने काय काय बनवतात, पण ‘तात्पुरतं’ इतकं टिकाऊ कुणाचंच काही निघत नसेल...

सकाळीच नानासाहेब दाराला टेकून उभे राहिले होते. करमाडकडचे बागायतदार, आता कारखान्याचे मालक. पण माणसाला विचारायची रीत अजून बांधावरचीच.

“काय मॅडम, त्या शफीकचं दार लावलं का नाय अजून?”

“लावते सर.”

“उद्या पुण्याची माणसं तपासणीला यायलीत. घरी बसवलेल्या माणसाला आत यायला वाट ऱ्हायलेली दिसली, म्हंजी आपली ऑर्डर गेली. आन् मग मी कुणाकडं बघू, ते तुमीच सांगा.” मग हसून, “तसा मला घोर नाय. शफीक गेल्यापासून मशीन कसं सुतासारखं चालायलंय! तुमच्या हाताला यश हाय.”

सुतासारखं... ती मान खाली घालून हसली होती, आणि ते हसू विनयाचं म्हणून खपलं होतं. नानासाहेब माणसं झटकन तोलतात. फक्त काट्यावर कुणाचा हात आहे ते बघत नाहीत.

दिवाळीनंतर नानासाहेबांच्या पुतण्याशी वाजलं आणि शफीकभाई घरी बसले. त्यानंतरच्या आठवड्यातच कधीतरी—डिस्क भरत आली होती, बॅकअप अडकला होता, आणि ती रडवेली होऊन जेवायला उठली होती—परत येऊन बघते तर सगळं मोकळं. कुणी केलं? नोंदीत एकच ओळ: शफीक, ४८२२वरून, दुपारी. जोहरची नमाज झाली की छावणीतल्या घरातून ते आत येत, काम उरकत, निघून जात. फोन नाही, निरोप नाही. तिनंही केला नाही. हळूहळू ती दुपारच्या आधी एखादं काम अर्धवट सोडू लागली... विसरून. रोज विसरून. चुलीमागं मांजरासाठी दूध ठेवावं आणि ठेवलंय हे स्वतःलाही सांगू नये, तसं.

आणि ते तरी का येतात? माया म्हणून? की आपल्यावाचून अडतंय हे रोज एकदा डोळ्यांनी बघायला? दोन्ही बाजू मांडल्या तर ताळा जुळत नव्हता. कुणाचं कुणावर निघतं तेच कळत नव्हतं. मला शिकवताना हा माणूस कधी पूर्ण उत्तर द्यायचा नाही. “ढूंढ बेटा, ढूंढ. मी सांगितलं तर माझं, तू शोधलं तर तुझं.” मग आताच एवढा उदार कसा? की मी शोधणं सोडलंय हे त्यांना कधीच कळून चुकलंय...

“चहा निवला की वं पोरी,” चहापाण्याचं बघणाऱ्या द्वारकाबाई कप उचलता उचलता म्हणाल्या. “कुणाची वाट बघायलीस दारात बसल्यावानी?”

“कुणाची नाही मावशी.”

“मंग पी की. वाट बघणाऱ्याचाच चहा निवतो.”

त्या गेल्या, आणि त्यांच्यावरच्या रागात तिनं ते बटण दाबलं. ४८२२ बंद. पण त्याआधी, कुणी न सांगता, हातांनी दुसरीच एक आज्ञा देऊन ठेवली होती—दहा मिनिटांनी फायरवॉल पहिल्यासारखी करायची. शफीकभाईंचा दोर. लांबून भिंतीत फेरफार करताना स्वतःच बाहेर अडकू नये म्हणून: “पहले दोर बांध, मग विहिरीत उतर. सगळं नीट झालं तरच दोर काप.” पण ती तर सर्व्हरच्या शेजारी बसली होती, इथं कसली विहीर? दोर कापायची, म्हणजे दार कायमचं बंद ठेवायची, आज्ञा तिनं लिहून ठेवली. दाबली नाही.

नानासाहेबांचा फोन आला. “झालं का?”

“झालं सर.” दहा मिनिटांपुरतं खरं.

आणि तेवढ्यात पडद्यावर ओळ सरकली. ४८२२वर कुणीतरी. अडवलं. थोड्या वेळानं पुन्हा, मग आणखी जास्त वेळानं पुन्हा—ही ठोठावणी यंत्राची, तिला ठाऊक होतं. माणसानं एकदाच दाबलेलं असतं, धीर यंत्र धरतं. मग काहीच नाही. “बंद दारानं नकार द्यायचा नाही, गप्प बसायचं,” हेही त्यांचंच, “नकार दिला की आत कुणीतरी आहे हे कळतं.” ती गप्प बसली होती. पण त्यांना न कळायला ते काय चोर होते?

कळलंच असणार. आणि आता ते घड्याळाकडे बघत असतील. दहा मिनिटांनी दार उघडलं, तर पोरीला दोर कापवला नाही. नाही उघडलं, तर... इतका वेळ ती त्यांचा निवाडा करत होती. आता तिच्या पाठीला त्यांची नजर जाणवली, शिकवताना वेलदोडा चघळत खुर्चीमागं उभे राहायचे तशी.

तिनं दुसरी खिडकी उघडली. डिस्क भरत आली होती. आजही तिनं ती तशीच सोडली होती, ‘विसरून’. जागा नेमकं कोण गिळतंय हे तिनं इतक्या महिन्यांत एकदाही बघितलं नव्हतं. कॅमेऱ्याचा फोल्डर? नाही. हजेरी? नाही. बॅकअपच्या पोटात जुना बॅकअप, त्याच्या पोटात आणखी जुना... थांब. हा रोज स्वतःलाच उचलून ठेवतोय? ढूंढ बेटा. तिनं खुर्ची पुढं ओढली. दार उघडायला किती मिनिटं उरलीत हे कोपऱ्यात दिसत होतं, आणि तिकडे बघायचं राहून जात होतं. तिनं शोधाची पुढची ओळ लिहिली, आणि ‘एंटर’ दाबताना लक्षात आलं—अंगठा, कडेकडेनं.

तिनं तो उचलला नाही.