सतरा दोऱ्या

भिंगबाईंना आजवर कोणी फसवलं नव्हतं. हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत, त्यामुळे खरंखोटं करण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. गळ्यात साखळीला अडकवलेलं भिंग, दातांच्या कवळ्या बनवण्याचा एकतीस वर्षांचा अनुभव आणि एकच वेड: जुन्या टीव्ही मालिकांमध्ये खरोखर कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या चिमुकल्या वस्तू. आगगाडी, दीपगृह, पंजाएवढं विमान, आग लागलेलं गाव (अर्धंच, कारण उरलेलं चित्रीकरणात खरोखर जळालं) असं सगळं माडीवरच्या खोलीत काचेच्या कपाटांत मांडलेलं होतं. नुसती तशीच दिसणारी वस्तू त्यांना चालत नसे. कोणी दुकानातली नक्कल आणून दाखवली, तर त्या ती भिंगाखाली धरत, ‘हं’ म्हणत आणि परत देत. त्या ‘हं’ला भले भले संग्राहक टरकून असत.

या सगळ्यात त्यांचा जीव की प्राण म्हणजे जहाज. तीन डोलकाठ्यांचं, दोन हात लांब. समुद्रावरच्या एका मालिकेत ते दर आठवड्याला वादळात सापडायचं आणि दर आठवड्याला वाचायचं. लहानपणी ते बघताना भिंगबाईंनी घरातल्या उशीचा एक कोपरा चावून चावून फाडला होता. बावीस वर्षं शोधल्यावर ते स्टुडिओतल्या एका निवृत्त वायरमनच्या घरी, पलंगाखाली, चादरीत गुंडाळलेलं सापडलं. आणि आता शहरातल्या संग्रहालयात जुन्या मालिकांचं प्रदर्शन भरणार होतं, शनिवारी उद्घाटन होतं आणि दालनातलं मधलं कपाट या जहाजासाठी राखून ठेवलं होतं. भिंगबाईंनी नवे बूटसुद्धा घेतले होते.

मंगळवारी संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी त्यांना बोलावून घेतलं. तज्ज्ञ म्हणजे सडपातळ, हळू बोलणारा, कोणाचंही मन न दुखवता नाही म्हणण्यात वाकबगार असा गृहस्थ. टेबलावर जहाज होतं आणि शेजारी मालिकेच्या मूळ फिल्मवरून नुकतंच काढलेलं एक मोठं छायाचित्र.

“शिडाच्या दोऱ्या किती आहेत?” तज्ज्ञांनी विचारलं.

“सतरा,” भिंगबाई म्हणाल्या. “झोपेत विचारलंत तरी सांगेन.”

“फिल्ममध्येही सतराच आहेत. पण जाडी बघा.”

भिंगबाईंनी भिंग लावलं. छायाचित्रातल्या दोऱ्या जेमतेम दिसत होत्या. टेबलावरच्या जहाजाच्या दोऱ्या त्यांच्यापुढे दोरखंड वाटत होत्या.

“मालिका चालू असताना दुकानांच्या काचेत ठेवायला चार नकला केल्या होत्या,” तज्ज्ञ म्हणाले. “हे त्यातलं एक असावं. काम सुंदर आहे, वाद नाही. पण मधल्या कपाटात नक्कल ठेवता येणार नाही. बाहेरच्या भिंतीशी ठेवू, तसं कार्ड लावून.”

भिंगबाईंनी भिंग खाली केलं. “दोऱ्या मी बदलल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “मिळालं तेव्हा दोऱ्यांच्या जागी केस ओवलेले होते. कोणा हौशी माणसाने घरी बसून केलेली दुरुस्ती वाटली मला. मॉडेल विभागाच्या साहेबांनी मुलाखतीत स्वच्छ सांगितलंय की दोऱ्या रेशमाच्या होत्या. म्हणून मी केस काढून त्याच जातीचं रेशीम लावलं.”

“केस? कोणाचे?”

“ते त्यांच्यावर लिहिलेलं नव्हतं.”

तज्ज्ञ हसले नाहीत. “ते केस स्टुडिओतच लावले होते हे दाखवता आलं, तर जहाज मधल्या कपाटात जाईल. परवा दुपारी कार्डं छापायला जाणार आहेत.”

घरी येईपर्यंत भिंगबाई स्वतःवर इतक्या चिडल्या होत्या की दोनदा त्यांनी चुकीच्या वळणावर गाडी घातली. एखाद्या नवशिक्याने जहाजाला हात लावायच्या आधी चार जणांना विचारलं असतं. त्यांनी मुलाखत पाठ केली होती, म्हणून त्यांनी कोणाला विचारलं नाही. त्यातल्या त्यात नशीब म्हणजे त्यांचा एक नियम होता: जुन्या वस्तूवरून काढलेलं काही फेकायचं नाही. माडीवरून त्यांनी कवळ्यांचा एक रिकामा डबा आणला. त्यात पांढऱ्या कागदावर, चिकटपट्टीने दोन्ही टोकं दाबून, ते केस ओळीने लावलेले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उजेड चांगला पडतो, म्हणून डबा तिथे उघडला.

टेबलाशी सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे चार महिने, त्या धाकट्याकडून इथे राहायला आल्या होत्या. जिना चढायला डॉक्टरांची बंदी होती, त्यामुळे माडीवरची खोली त्यांनी पाहिलेली नव्हती, आणि पाहायची इच्छाही दाखवली नव्हती. सुनेच्या संग्रहाला त्या ‘वरचा पसारा’ म्हणत. स्वतः त्यांनी त्याच स्टुडिओत अकरा वर्षं नोकरी केली होती. लग्न नवीन असताना भिंगबाईंनी मोठ्या आशेने विचारलं होतं, “आई, तुम्ही मॉडेल विभागात होतात का?” सासूबाई म्हणाल्या होत्या, “नाही गं, मी कपड्यांत.” कपडे म्हटल्यावर भिंगबाईंचा रस तिथेच संपला होता.

सासूबाईंनी सहज डब्यात डोकावलं. मग हातातली शेंग खाली ठेवली. एका केसाचं टोक सोडवून तो दोन बोटांत धरला, खिडकीकडे वळवला आणि लांबीवरून नख फिरवलं.

“माझे केस तुझ्याकडे कसे आले?” त्यांनी विचारलं.

भिंगबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

“अशी काय बघतेस? जहाजाचे ना हे? दोऱ्याला तूस असतं. कॅमेरा जवळ आणला की त्या तुसाचं जंगल दिसायचं. साहेब सात प्रकारचे दोरे लावून थकले. एक दिवस ते माझ्याकडे बटण लावून घ्यायला आले आणि माझ्या वेणीकडेच बघत बसले. मी म्हटलं, काय ते स्पष्ट बोला. तर म्हणाले, बाई, तुमचे सतरा केस द्याल का?”

“मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“बोलायची बंदी होती. कपड्यांच्या माणसाने मॉडेलला हात लावायचा नाही आणि मॉडेलवाल्याने सुईला, असा स्टुडिओचा नियम. कळलं असतं तर दोघांनाही घरी बसवलं असतं. जेवणाच्या सुट्टीत कडी लावून मी ती शिडं शिवली आणि केस ओवले. साहेबांनी सगळीकडे रेशीम सांगितलं, मी होकार दिला. नंतर तू आलीस. तुला साहेबांची मुलाखत तोंडपाठ. मीच खोटी पडले असते की नाही?”

भिंगबाईंना वाईट वाटलं, खरोखर वाईट वाटलं, आणि त्या तसं म्हणाल्याही. “चुकलं माझं, आई. तुमच्याकडे तेव्हाच बसून सगळं विचारायला हवं होतं.”

“आता विचारतेस ना. चहा टाक.”

चहा होईपर्यंत भिंगबाईंचं डोकं पुन्हा ताळ्यावर आलं. “मला तुमचा शब्द पुरतो,” त्या म्हणाल्या. “संग्रहालयाला पुरणार नाही. म्हणतील, सून आणि सासू, घरचाच मामला. तुम्हालाच ठाऊक असेल असं त्या जहाजात आणखी काही आहे का? बाहेरून न दिसणारं?”

सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि त्या हसल्या. चार महिन्यांत त्या अशा हसल्या नव्हत्या.

“सुई आहे,” त्या म्हणाल्या. “मधल्या काठीला शीड टाचताना मोडली. टोक लाकडातच राहिलं. साहेबांना सांगायची हिंमत झाली नाही. वरून मेण भरलं आणि रंग लावला. खालून दुसरं कडं आहे ना, त्याच्या वर बोटभर. तिरकं असणार, टोक उजवीकडे. मी डावखुरी.”

भिंगबाईंनी लगेच फोन उचलला. आधी दातांच्या डॉक्टरांना, ज्यांच्या निम्म्या पेशंटांच्या तोंडात भिंगबाईंचं काम होतं, आणि मग तज्ज्ञांना. “उद्या अकरा वाजता जहाज घेऊन दवाखान्यात या,” त्यांनी तज्ज्ञांना सांगितलं. “कागद-पेन्सिल आणा. आधी लिहून घ्यायचं, मग बघायचं.” नाही म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

बुधवारी अकरा वाजता दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या दोन पेशंटांनी पाहिलं ते असं: आधी काठी टेकत एक म्हातारी आत गेली, मागून गळ्यात भिंग घातलेली बाई, आणि त्यांच्या मागून एक सडपातळ गृहस्थ तान्ह्या बाळासारखं जहाज छातीशी धरून. जहाज पेशंटच्या खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी सवयीने खुर्ची जरा मागे केली.

“पेशंटचं वय?”

“सेहेचाळीस,” भिंगबाई म्हणाल्या.

“काही त्रास?”

“ओळख पटत नाही.”

तज्ज्ञांनी सासूबाईंकडून सगळं नीट विचारून घेतलं. कोणती काठी, कोणतं कडं, किती वर, टोक कुठल्या बाजूला. कागदावर लिहिलं, छोटी आकृती काढली आणि खाली वेळ टाकली. मग डॉक्टरांनी मधल्या डोलकाठीमागे दाढेच्या एक्स-रेची पट्टी धरली आणि सगळ्यांना दाराबाहेर उभं केलं.

पडद्यावर लाकूड करड्या धुक्यासारखं उमटलं. त्यात, दुसऱ्या कड्याच्या वर बोटभर, एक बारीक पांढरी रेघ होती. तिरकी, टोक उजवीकडे. तज्ज्ञांनी आपला कागद पडद्याशेजारी धरला आणि दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं.

“रूट कॅनलची गरज नाही,” डॉक्टर म्हणाले.

तज्ज्ञांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि सासूबाईंना विचारलं, “ते सतरा केस तुम्ही पुन्हा लावू शकाल का?”

इथे मात्र भिंगबाईंचा चेहरा उतरला. डब्यात केस सतरा नव्हते. चौदा होते. बाकीचे तीन त्यांच्या चिमट्यात तुटले होते, त्यांचे तुकडे एका कागदात पुडी करून ठेवले होते आणि त्या तुकड्यांतून एकही दोरी पुरी होणार नव्हती. फसवणूक कोणी केली नव्हती. नुकसान त्यांनी स्वतःच्या हातांनी, छान उजेडात बसून केलं होतं. त्यांनी हे तज्ज्ञांना सांगितलं, आवाज न चोरता सांगितलं.

“माझे घ्या म्हटलं असतं,” त्या पुढे म्हणाल्या, “पण ते त्या जहाजाचे नाहीत.”

“आणि रंगवलेले आहेत,” सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. सासूबाईंनी काठी खुर्चीला टेकवली, दोन्ही हात मानेमागे नेले आणि आपली करंगळीएवढीच जाड उरलेली लांब वेणी पुढे घेतली. टोकाची गाठ सोडली. “कात्री द्या हो, डॉक्टर,” त्या म्हणाल्या.

“पण पांढरे दिसतील, आई. लांबूनसुद्धा कळतील.”

“कळायलाच हवेत,” तज्ज्ञ म्हणाले. “दुरुस्ती लपवली की ती लबाडी होते.”

बुधवारची संध्याकाळ आणि गुरुवारची सकाळ स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेली. भिंगबाईंनी रेशीम उतरवलं, जहाज दोन्ही हातांनी स्थिर धरलं आणि सासूबाईंनी केस ओवले. पहिल्या गाठीला त्यांनी डोळे बारीक केले. भिंगबाईंनी गळ्यातली साखळी काढून त्यांच्या गळ्यात घातली. इतक्या वर्षांत ते भिंग त्यांनी नवऱ्यालाही हातात धरू दिलं नव्हतं. नवरा दारात उभा राहून हे बघत होता, पण या दोघींच्या मध्ये बोलायचं नाही एवढं शहाणपण त्याला संसाराने दिलं होतं.

“सैल धरतेस,” सासूबाई म्हणाल्या. “साहेब बरे धरायचे.”

“बरं, घट्ट धरते.”

गुरुवारी दुपारी तज्ज्ञांचा फोन आला. कार्डावर काय लिहायचं? भिंगबाईंनी मजकूर सांगितला आणि परत वाचून घेतला. मग म्हणाल्या, “शेवटची ओळ गाळू नका.”

शनिवारी मधल्या कपाटासमोर गर्दी होती. सासूबाईंना लोकांनी वाट करून दिली. त्यांनी आधी जहाज पाहिलं: चौदा काळ्या दोऱ्या आणि त्यांच्यात दिव्याखाली चमकणाऱ्या तीन पांढऱ्या. मग गळ्यातलं भिंग, जे अजून परत दिलेलं नव्हतं, कार्डावर धरलं आणि अक्षर लावत वाचलं.

‘दोऱ्या सतरा. चौदा मूळ, तीन दुरुस्तीच्या. सर्व एकाच बाईच्या केसांच्या.’ त्याखाली त्यांचं स्वतःचं, पूर्ण नाव होतं. आणि नावाखाली शेवटची ओळ: ‘कपडे विभाग’.

सासूबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. भिंग खाली केलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसतही होत्या.

“छापून टाकलंस,” त्या म्हणाल्या. “आता साहेबांना बोलणी बसणार.”