मान कुणाची, चेहरा कुणाचा

कारागांदा या खाणींच्या शहरातल्या संस्कृती भवनात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. कोळशाच्या खाणीत गॅसचा स्फोट होऊन दीड महिना लोटला होता, आणि मेलेल्यांच्या घरची माणसं मेलेल्यांना भेटायला आली होती. सभागृह खाणवाल्यांनीच उघडून दिलं होतं.

भेट घडवणारे द्रष्टे मोल्दाबेक व्यासपीठावर उभे होते.

"माणूस जातो, त्याचा प्रकाश मागे उरतो," ते म्हणाले. "साध्या कॅमेऱ्याला एकच डोळा. त्याला आत्मा कसा दिसावा? माझ्या कॅमेऱ्याला शेकडो डोळे आहेत, आणि एकेक डोळा मंतरलेला आहे."

कॅमेरा मात्र त्यांनी बुजऱ्या नवरीसारखा पडद्याआड ठेवला होता.

झिबेक सासूच्या, कुलाश आपांच्या, शेजारी बसली होती. तिचा नवरा येरबोल त्या स्फोटात गेला होता. तेव्हापासून ती कामावर जायची, जेवायची, झोपायची. रडू आलं नव्हतं. मीठ जास्त पडलं तरी कळत नसे.

आपांनी मुलाचा फोटो दिला. तो मोठ्या पडद्यावर उमटला आणि थोड्याच वेळात चेहऱ्यानं डोळे मिचकावले. मोल्दाबेकांनी एक चाक फिरवलं तसा तो डावीकडून दिसला, मग उजवीकडून, जिवंत माणसासारखा उठावदार.

"येरबोल, बाळा, गॅस साठला की वाजणारी धोक्याची घंटा तूच बंद केली होतीस ना?" मोल्दाबेकांनी विचारलं.

चेहऱ्यानं मान डोलावली.

मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "म्हणजे आमच्या घरावर नांगर फिरवला तो तुमच्या पोरानं."

आपा खाली मान घालून जागेवर परतल्या. "त्यानं स्वतः कबूल केलं गं. परवा स्फोटाच्या चौकशीत मी तेच सांगणार."

झिबेक पडद्याकडे बघत राहिली होती. येरबोल हो म्हणताना मान कधी हलवायचा नाही, नुसत्या भुवया उडवायचा. शिवाय कानापाशी चित्राचे बारीक चौकोन चेहऱ्याच्या मागे राहून मग सरकत होते. तो दोष तिच्या रोजच्या ओळखीचा होता. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तो काढून टाकण्याचाच तिला पगार मिळत असे.

ती आपांना तशीच प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथंही तसाच शेकडो डोळ्यांचा, म्हणजे बारीक भिंगांची जाळी असलेला, कॅमेरा होता.

"हा एकाच क्षणाची अनेक कोनांतून चित्रं घेतो, आपा. सगळी पूर्ण साठवायची तर जागा पुरत नाही. म्हणून एकच चित्र पूर्ण ठेवायचं. बाकीच्यांसाठी फक्त लिहायचं, कुठला तुकडा कुठे सरकला. बघताना यंत्र तेच तुकडे सरकवून चित्रं पुन्हा जुळवतं."

"मग?"

"मग ते पहिलं चित्रच कुणी बदललं तर?"

तिनं त्या पहिल्या चित्राच्या जागी आपांचा फोटो घातला आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून मान हलवली. पडद्यावर आपांनी मान हलवली.

आपांनी पडद्याला बोट लावलं. "मी तर जिवंत आहे."

"हो. मान माझी, चेहरा तुमचा."

"येरबोलचा फोटो लाव," आपा हळूच म्हणाल्या. "आणि त्याला नाही म्हणायला लाव. एकदाच."

झिबेकचा हात फोटोपर्यंत गेला. त्याला नाही म्हणायला लावणं किती सोपं होतं.

"नको, आपा. ते तरी त्याचं उत्तर कुठं असेल?"

संध्याकाळी दोघी संस्कृती भवनात परतल्या तेव्हा सभा रंगातच होती. आपा थेट व्यासपीठावर चढल्या.

"दूर व्हा," मोल्दाबेक ओरडले. "आत्मे कोपतील."

"कोपू देत," आपा म्हणाल्या, आणि त्यांनी कॅमेरा झाकणारा पडदा ओढला. कॅमेऱ्यासमोर खुर्चीत एक टकला माणूस बसला होता. हातात चहाचा पेला, तोंडात बाउरसाकचा तळलेला गोळा.

झिबेकनं भिंतीवरच्या जाहिरातीतला मोल्दाबेकांचाच फोटो यंत्रात घातला. टकल्याला उठवून आपा खुर्चीत बसल्या.

"मोल्दाबेक, तुम्ही लोकांना फसवता का?" त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच मान डोलावली. पडद्यावर भव्य मोल्दाबेकांनी गंभीरपणे होकार दिला.

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. मघाची ती बाई आपल्या नवऱ्याचा फोटो छातीशी धरून बसली होती.

झिबेकनं तुकडे सरकण्याची गोष्ट पुन्हा सगळ्यांना सांगितली, सपाट आवाजात, घाई न करता. शेवटी म्हणाली, "हे यंत्र वाईट नाही. पण जे दिसतं ते कुठून आलं, एवढं विचारत चला. रडत असाल तेव्हा तर आधी विचारा. मेलेली माणसं बोलत नाहीत. त्यांच्या तोंडून कोण बोलतंय आणि कुणाच्या सोयीचं बोलतंय, ते बघा."

मोल्दाबेक मागच्या दारानं केव्हा गेले ते कुणी पाहिलं नाही.

चौकशीच्या दिवशी अधिकाऱ्यानं विचारलं, "तुमच्या मुलानं घंटा बंद केल्याचं कबूल केलं, असं ऐकलं."

"माझा मुलगा काहीही बोललेला नाही," कुलाश आपा म्हणाल्या. "तो मेलाय. तुम्ही जिवंत आहात. ती घंटा चालू होती की नाही, हे शेवटचं कुणी तपासलं, ते तुम्ही सांगा."

झिबेक त्यांच्या शेजारी उभी होती. तिनं आपांचा हात धरला. तो गार होता, आणि हे तिला जाणवलं.